वाटा पुसणारे मोजणीबाबू

नागपूरच्या त्या दुकानातल्या विक्रेत्यानं अर्धा तास मन लावून माहिती दिली. हातात मावणारं जीपीएसचं यंत्र, त्यात किती हजार ठिकाणं साठतात, किती वाटा राहतात, पाण्यात पडलं तरी कसं चालू राहतं, सगळं. मोजणीबाबूंनी मान डोलवत ऐकून घेतलं, यंत्र उलटसुलट करून पाहिलं आणि विचारलं, "बाकी सप्पा बराबर. याच्यातलं पुसाचं कसं, ते सांगा." विक्रेता गोंधळला. आजवर सगळ्यांनी त्याला किती साठतं हेच विचारलं होतं. मी हसू दाबत दुसरीकडे पाहिलं. मला ती म्हातारपणाची लहर वाटली. मोजणीबाबूंना जाऊन आता वर्ष होत आलं, आणि तो प्रश्न काही माझ्या डोक्यातून जात नाही.

जमीन मोजणीच्या कचेरीत त्यांची सगळी नोकरी झाली, म्हणून ते मोजणीबाबू. खरं नाव त्यांच्या घरच्यांखेरीज कोणी घेत नसे. नदीपलीकडे कारध्याला घर. त्यांचे वडील आयुष्यभर दुसऱ्याच्या धानात राबले आणि उतारवयात त्या घरात पहिल्यांदा स्वतःची दीड एकर जमीन आली. ती मोजून हद्द ठरली त्या दिवशी वडील आपल्या धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, उभे राहून रडले होते. हे बाबूंनी मला एकदाच सांगितलं, तेही दुसरंच काही सांगता सांगता. पण रस्त्यानं जाताना त्यांनी कधी कुणाच्या धुऱ्यावर उगाच पाय ठेवलेला मी पाहिला नाही.

माझं भंडाऱ्यात गाड्यांच्या सुट्या भागांचं दुकान. आम्हा चौघा मित्रांना फोर बाय फोर जीपा घेऊन रानवाटांनी भटकायचं वेड. एका आषाढात मोबाइलमधलं ॲप दाखवत होतं त्या वाटेनं मी मोहाडीच्या पुढे आत शिरलो आणि सरळ कुणाच्या तरी रोवणीत जाऊन रुतलो. धान लावणाऱ्या बाया कमरेवर हात ठेवून माझ्याकडे पाहत होत्या. लेकीच्या सासरी आलेले मोजणीबाबू धोतर सावरत तिथं आले, "जयभीम" म्हणाले, आणि त्यांनी माझा फोन मागितला. बराच वेळ पाहून म्हणाले, "हे चुकलं नाही गा. याच्यातली वाट फागुनातली हाये. तू आखाडात आला."

मग त्यांनी मला आणि गाडीत सोबत असलेल्या मित्राला चपला काढायला लावल्या. चाकांखाली गेलेली रोपं एकेक उचलून, धुऊन, आम्ही दुपारपर्यंत परत रोवली. बाया हसून हसून बेजार झाल्या. पुढच्या रविवारी बाबू माझ्या दुकानात हजर. "तुया गाडीत डाव्या बाजूले कोन बसते?" मी म्हणालो, कोणी नाही. "मंग मी बसतो," म्हणाले, आणि पुढची चार वर्षं ती जागा त्यांची झाली. आमच्या बायकांनाही मग मागे बसावं लागे.

कुठलं ॲप घ्यावं, कुठलं यंत्र घ्यावं, याबाबत त्यांचा हट्ट विलक्षण होता. नवं ॲप कोणी आणलं की ते आधी फोनचं नेट बंद करायला सांगत. "आता विचार त्याले." जंगलात रेंज नसते, तेव्हा नकाशा आधीच फोनमध्ये उतरवता येत नसेल तर ते ॲप बाद. मग फोन मेच्या उन्हात जीपच्या बॉनेटवर ठेवायचा. माझा महागडा फोन दहा मिनिटांत तापून बंद पडला, तेव्हा त्यांना झालेला आनंद मी विसरलो नाही. मग चिखलानं माखलेलं बोट पडद्यावर. टच चालला नाही की, "हे हापिसातलं हाये, रानातलं नाही." शेवटी त्यांनी बटणांचं, जुनाट दिसणारं यंत्र निवडलं, कारण ते पेन्सिल सेलवर चालायचं. "बपेऱ्याच्या किराना दुकानात चार्जर भेटते का? सेल भेटते."

सर्वांत मोठी परीक्षा कारध्याला व्हायची. तीन वेगवेगळी यंत्रं खिशात घालून ते आपल्या दीड एकराच्या धुऱ्यावरून चालत फेरी मारायचे, तीनदा. मग तिन्ही रेघा पाहायच्या. एका ॲपची रेघ शेजाऱ्याच्या शेतात आठ-दहा पावलं घुसली होती. बाबू खरोखरच चिडले. मी म्हटलं, बाबू, आकाशातून एवढं अंतर इकडंतिकडं होणारच. "आकाशातून होते," ते म्हणाले, "जमिनीवर मारामाऱ्या होतेत." ते ॲप त्यांनी त्याच मिनिटाला काढायला लावलं.

पण त्यांची खरी सवय वेगळीच. रानवाट कुणाच्या शेतातून जात असेल तर ते आधी गाडी थांबवून मालकाच्या घरी जायचे, पाणी प्यायचे, जाऊ का म्हणून विचारायचे. ती घराजवळची जागा तेवढी यंत्रात ठेवायची, मालकाचं नाव आणि हंगाम घालून. यंत्रात मराठी उमटत नसे, म्हणून इंग्रजी अक्षरांत बटणं दाबदाबून लिहायचे. गेलेली वाट मात्र ठेवायची नाही. कारध्याला घरापाशी उतरण्याआधी ते दिवसभराची रेघ पुसत आणि रिकामा पडदा माझ्यापुढे धरत. "पाह्यलं?" मी पाहिलं म्हटल्यावरच उतरत.

मी त्यांची खूप थट्टा केली. सरकारी माणूस आणि कागद फाडतो, म्हणालो. ते म्हणाले, "सारी जिंदगी नोंदीच केल्या गा. ज्याची जमीन, त्याच्या नावानं. मालकानं आपल्याले जाऊ देलं. आपल्याले म्हंजे आपल्याले, सगळ्यायले नाही. मंग त्या वाटेवर आपलं नाव कायले पायजे?" मी मान डोलावली. मला ते समजलं नव्हतं.

बपेऱ्याच्या अलीकडे, डोंगराला लागून, अनुसयाबाईंची दोन एकर जमीन आहे. नवरा नाही, मुलगी लग्न होऊन गेलेली. शेताच्या वरच्या अंगाला त्यांची बोडी, म्हणजे घरचं लहानसं तळं. त्याच पाण्यावर त्यांचं धान पिकतं आणि त्यातल्याच मासोळ्या पावसाळाभर जेवायला. बोडीच्या बांधाला आमच्याकडे पार म्हणतात. पारीच्या सखल कोपऱ्यावरून, लाखोरीचं पीक निघाल्यावर शेत मोकळं झालं की, जीप पलीकडे जाते आणि पुढे डोंगरावरची अशी एक जागा लागते की तिथून मध्य प्रदेशातलं जंगल नजर पोचेल तिथवर दिसतं. "जा ना बाप्पा, उनाळ्याचं शेत हाये, त्याले काय होते," असं म्हणून अनुसयाबाईंनी आम्हाला जाऊ दिलं होतं. बाबूंनी यंत्रात लिहिलं: अनुसयाबाई, होळी ते मिरग.

परतताना त्यांनी आपली रेघ पुसली आणि मला विचारलं, "तुयावाली पुसली?" माझ्या फोनमध्येही वाट उतरत होती. मी म्हटलं, "पुसली, बाबू." त्यांनी पडदा पाहायला मागितला नाही. माझा शब्द त्यांना पुरला.

मी पुसली नव्हती. त्याच आठवड्यात मी ती वाट एका ॲपवर सगळ्यांसाठी टाकली, फोटोंसकट, खाली माझं नाव. दुसरं काही कारण नव्हतं, लोकांनी वाहवा म्हणावी एवढीच हौस. म्हटलीही. पुण्या-मुंबईचे लोक मला विचारू लागले, दादा, अजून अशा वाटा सांगा. मी दुकानात बसून ते परत परत वाचायचो.

भादव्यात धान निसवायला आलं होतं आणि बोडी काठोकाठ भरली होती, तेव्हा बाहेरगावच्या पाच गाड्या ती रेघ धरून आल्या. पारीचा सखल कोपरा भिजून मऊ झालेला. चार गाड्या त्यावरून गेल्या, पाचवी रुतली, ती काढताना बोडीची पार खचली. दुसऱ्या दिवसापर्यंत बोडी रिकामी झाली आणि दोन एकर धान गाळाखाली गेलं. रुतलेली गाडी गावकऱ्यांनी अडवली. चालक बिचारा फोन पुढे करून सांगत होता, इथं रस्ता दाखवतोय, बघा. अनुसयाबाईंनी कागदावर लिहून ठेवलेल्या नंबरवर फोन लावला, तो बाबूंचा होता. बाबू गेले. चालकाच्या फोनमधली रेघ त्यांनी पाहिली आणि खालचं नाव वाचलं.

त्यांनी मला तिथूनच फोन केला. ते ओरडले असते तर बरं झालं असतं. एवढंच म्हणाले, "सुधीर, तू पुसलं नोहोतं." आणि ठेवून दिला.

आठवडाभर पारीचं काम चाललं. अडुसष्ट वर्षांचे बाबू माती वाहत होते, मीही वाहत होतो. घमेलं माझ्या डोक्यावर देताना ते हात लावत, पण बोलत नव्हते. तिसऱ्या दिवशी मी त्यांच्यापुढे उभा राहून माफी मागितली. "मले कायले म्हनतं?" ते म्हणाले. "तिले म्हन." मी अनुसयाबाईंकडे गेलो. वर्षाचं धान घरी पोचवतो म्हणालो, पोचवलंही. त्या म्हणाल्या, "देलं तुमी, चांगलं केलं भाऊ. पन माह्या बोडीतल्या मासोळ्या वाहून गेल्या, त्या कुठून आनान?" त्यांनी रागानं विचारलं नव्हतं. खरंच विचारलं होतं.

वाट तर मी पहिल्याच दिवशी ॲपवरून काढून टाकली होती. तसं बाबूंना सांगितलं तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर थोडी आशा दिसली. मग मला पुढचं सांगावं लागलं. शेकडो लोकांनी ती आधीच आपापल्या फोनमध्ये उतरवून घेतली होती, कुणी माझ्या नावा-फोटोंसकट दुसऱ्या ॲपवर चढवली होती. ती आता पुसता येत नाही. बाबूंनी दोनदा विचारलं. "कोनालेच नाही येत?" मी नाही म्हटलं. कचेरीत उभी हयात घालवलेला तो माणूस त्या दिवशी एकदम थकलेला दिसला.

त्यानंतर ते माझ्या जीपमध्ये बसले नाहीत. मी कारध्याला जायचो. बाबूंच्या मंडळी चहा द्यायच्या, बाबू पावसापाण्याचं बोलायचे, मी उठलो की दारापर्यंत यायचे. पण पुढच्या वर्षी रोवणी लागली तसं मला कळलं की दर रविवारी ते मोपेडवरून एवढ्या लांब बपेऱ्याकडे जातात. डांबरी रस्ता सोडून ती रेघ जिथं आत वळते, तिथं मोहाच्या झाडाखाली दगडावर बसतात, येणारी गाडी थांबवतात आणि दुसऱ्या वाटेनं पाठवतात. मी म्हटलं, बाबू, मी येतो, तुम्ही कशाला? ते म्हणाले, "पाहू." मीही फार लावून धरलं नाही. त्यांच्याशेजारी त्या दगडावर दिवसभर बसायची मला लाज वाटत होती. आज त्या लाजेचाच सर्वांत जास्त राग येतो.

दिवाळीनंतर त्यांची छाती दुखायला लागली आणि दवाखान्यात दोन दिवसांत सगळं संपलं. मी पोचलो तेव्हा कारध्याच्या घरी त्रिशरण चाललं होतं. आठ दिवसांनी त्यांच्या मंडळींनी मला बोलावून ते बटणांचं यंत्र हातात दिलं. "तुमच्यासाठी काढून ठेवलं होतं त्याईनं. काहून, ते मले नाही सांगतलं."

घरी येऊन मी नवे सेल घातले. वाट एकही नव्हती. थांबून विचारायच्या जागा तेवढ्या होत्या, ओळीनं, मालकाचं नाव आणि हंगाम. लेकीचे सासरे. गाडगेवाले. अनुसयाबाई, होळी ते मिरग. मी बटण दाबत खाली गेलो. शेवटची जागा त्या मोहाच्या झाडाखालची होती. तिथं लिहिलं होतं: सुधीर, आखाड ते दिवाळी.

त्यांनी मला माफ केलं होतं की कामाला लावलं होतं, मला अजून ठरवता येत नाही. यंदा आषाढापासून मी दर रविवारी तिथं बसतो. अनुसयाबाई दुपारी पाणी आणून देतात. बोडीत पुन्हा मासोळ्या सोडल्यात, पण अजून बोटाएवढ्याच आहेत म्हणतात. गेल्या रविवारी एक तरुण आपली नवी जीप थांबवून माझ्याशी वाद घालू लागला. त्यानं फोन दाखवला. "पण इथं रस्ता आहे ना काका. कोणीतरी सुधीर म्हणून आहे, त्यानं टाकलाय. भारी माणूस दिसतो." मी म्हटलं, "तो सुधीर मीच. ही वाट उन्हाळ्यातली आहे." तो फोटोकडे आणि माझ्याकडे आळीपाळीनं पाहत राहिला आणि मग त्यानं गाडी वळवली.

संध्याकाळी भंडाऱ्याला परत आलो की घरापाशी जीप उभी करतो आणि उतरण्याआधी यंत्रातली दिवसभराची रेघ पुसतो. माझ्या यंत्रातली पुसली जाते. मग रिकामा पडदा डाव्या सीटकडे धरतो. "पाह्यलं?" एवढं मनातल्या मनात विचारतो आणि मगच उतरतो.