मुहूर्तावर हललेला सर्व्हर

“हे मुद्दाम केलं सर, तिनंच,” शेठ म्हणाले.

आदिलाबादजवळच्या एका जिनिंगमधलं वजनकाट्याचं सॉफ्टवेअर सकाळपासून बंद होतं. हंगामाचा पहिलाच दिवस. तलमडुगूकडून कापूस घेऊन आलेल्या गाड्या फाटकाबाहेर रस्त्यापर्यंत उभ्या, आणि वजनाची चिठ्ठी काही निघेना. ‘ती’ म्हणजे ऑपरेटर वंदनाताई. आठवड्यापूर्वी रजेवरून दोघांचं वाजलं होतं. शेठनी पोलिसांत द्यायची तक्रार लिहून ठेवली होती. सॉफ्टवेअर मी सांभाळतो, म्हणून मला बोलावलं होतं; माझ्या रिपोर्टचीच काय ती वाट.

हे सॉफ्टवेअर व्हर्च्युअल मशीनमध्ये चालतं. म्हणजे खऱ्या कॉम्प्युटरच्या पोटात चालणारा दुसरा, नुसता सॉफ्टवेअरचा कॉम्प्युटर. त्याचं नेटवर्क कार्डही तसंच, हाताला न लागणारं; पण त्याच्याशिवाय काट्यावरचं वजन सॉफ्टवेअरपर्यंत पोचत नाही. बाहेरच्या सेटिंगमध्ये कार्ड जोडलेलं दिसत होतं. आत शिरून बघितलं तर नेहमीचं कार्ड गायब.

माझ्याही मनात पाल चुकचुकली. लॉग पाहिला. शेवटचं लॉगिन वंदनाताईंचं. चारचौघांसमोर मी त्यांचा पासवर्ड बदलून टाकला. याची आजही लाज वाटते.

“काऊन बदलून राह्यले सर? मले इचारा तरी!”

“सकाळी काय केलं?”

“नव्या कॉम्प्युटरवर नेलं. जुन्यावर एक कॉपी राहू देली, कायी बिघडलं तर असावी म्हनून. उघडताना त्यानं इचारलं, मशीन हलवली का कॉपी केली? म्या खरं ते सांगतलं. कॉपी केली.”

घोळ इथंच होता. प्रत्येक नेटवर्क कार्डाला एक नंबर असतो, त्याला मॅक अॅड्रेस म्हणतात. ‘कॉपी केली’ म्हटलं की सॉफ्टवेअर नवा नंबर देतं. आतल्या मशीनची ऑपरेटिंग सिस्टिम जुनी लिनक्स; तिच्या फाइलीत मात्र जुनाच नंबर लिहिलेला. तो सापडेना, म्हणून तिनं कार्डच नाही असं ठरवलं. ‘हलवली’ म्हटलं असतं तर नंबर तोच राहिला असता. मी फाइलीत नवा नंबर घातला, मशीन पुन्हा चालू केली. पहिली चिठ्ठी निघाली. ताईंना आधी विचारलं असतं तर गाड्या एवढ्या खोळंबल्या नसत्या.

पण माझी शंका काही फिटेना. नवा कॉम्प्युटर बसवायला मी स्वतः दुसऱ्या दिवशी येणार होतो.

“ताई, आजच हलवायला कोणी सांगितलं?”

त्यांनी शेठकडे बघितलं. “साडेआठचा मुहूर्त व्हता. पयलं वजन नव्या मशीनवरच पायजे, म्हने. मी म्हनलं, सरले येऊ द्या. आयकते कोन?”

शेठ तक्रारीचा कागद घडी करून खिशात घालत होते. “रिपोर्टात मुहूर्ताचं कशाले लिहिता सर? चहा घ्या.”

वंदनाताईंची मी सगळ्यांसमोर माफी मागितली. रिपोर्टात कॉपीचं लिहिलं, मुहूर्ताचंही लिहिलं. चहा मात्र घेतला.

तेव्हापासून मशीन कोणी हलवली हे मी नंतर विचारतो. हलवायला कोणी सांगितलं, ते आधी.