पुली निघाली, बोल्ट तिथेच

मंडळी, आज आमच्या दांडी गावात घरासमोर गाडीची क्रँक पुली, म्हणजे इंजिनाचा पट्टा फिरवणारं चाक, बदलायला घेतली. जुन्या पुलीची बाहेरची कडी आतल्या भागाला धरून ठेवणारं रबर सुटलं होतं. उद्या बायकोला सुकी मासळी घेऊन बोईसरच्या बाजाराला जायचं आहे. तिच्या गुडघ्याला क्लच सोसत नाही, म्हणून गाडी ऑटोमॅटिक.

पुलीचा बोल्ट सोडवायला फिरवला की इंजिनही सोबत फिरायचं.

"गिअर टाक नी ब्रेक दाब," शेजारचे दामूकाका म्हणाले.

"काका, ऑटोमॅटिकला ते चालत नाय. गिअर टाकला तरी इंजिन मोकळंच."

"मग दोर आना!"

आमच्याकडे काहीही अडलं की दोर येतो. होडी ओढायची सवय. पुलीला वेढे घातले, चौघांनी दोर ताणून धरला, मी पान्यावर सगळा भार टाकला. खाड्कन आवाज झाला.

"निघाली!" काका ओरडले. आळीने टाळ्या वाजवल्या.

दोरात पुलीची नुसती बाहेरची कडी होती. आतला भाग आणि बोल्ट इंजिनातच.

बायको दारात उभी होती. "उद्या ह्याच दोराने मला बोईसरला ओढत न्या," ती म्हणाली आणि आत गेली.

बोईसर-तारापूरकडे कुणाकडे इंजिन फिरू नये म्हणून फ्लायव्हील अडकवून धरायचं हत्यार आहे का? फक्त हत्यार. सल्ला नको. काका अजून अंगणातच बसले आहेत.