तळ्यावर तेल ओतलं ते साल

आमच्या खोल्यांच्या मागे तळं होतं. आता तिथे चार मजली इमारती आहेत, तळं कुठे होतं ते दाखवायला गेलो तर मलाच सापडत नाही. पण सत्तर साल उजाडायच्या आधी सुरतेत नवागामच्या त्या अंगाला शेतं होती, मधे मधे पत्र्याच्या खोल्या, अन् खोल्यांत आम्ही खानदेशचे लोक. दिवसपाळी किंवा रातपाळी, लूमच्या खात्यात, म्हणजे कापड विणायच्या कारखान्यात.

बायकोला सुरत आवडली नव्हती. लग्न करून आणली तेव्हाच म्हणाली होती, इथे श्वासाला तेलाचा वास येतो. तळं बघितल्यावर गप्प झाली. रोज भांडी तिथेच घासायची. परातीला चिकटलेलं कळण्याच्या भाकरीचं पीठ पाण्यात धुतलं की बोटाएवढे मासे तिच्या पायांशी यायचे. बेडूक होते, पाण्यावर चतुर फिरायचे, काठाला बगळे. पलीकडच्या गुजराती काकांच्या म्हशी दुपारभर डुंबायच्या. त्या पाण्यासाठी ती सुरतेत होती. हे मला माहीत होतं. तिने तसं कधी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

एका वर्षी होळीनंतर मच्छर फार झाले. रातपाळी करून आलेल्या माणसाला दिवसाही झोप नाही. आमच्या शेजारी खात्यातला जॉबर राहायचा, माग बिघडला की दुरुस्त करणारा. त्याने काढलं, "मलेरियावाले गटारीत तेल टाकतात ना? मग आपण तळ्यात टाकू. खात्यात काळं तेल किती पडून आहे." कोणाला हे चूक वाटलं नाही. आम्ही लूमवाले. माग कुरकुरला की तेल, गरम झाला की तेल. डोक्यात दुसरं औषधच नव्हतं. मागाखालच्या पत्र्यांत साचलेलं जळकं तेल सगळ्यांनी डब्यांतून आणलं अन् ओतलं. उन्हाळ्याचं पाणी, आटलेलं. लगेच काळं झालं, वर इंद्रधनुष्यासारखे रंग.

मच्छर गेले. जॉबर खूश. रोज म्हणायचा, "बघा, डोकं लागतं."

मग मासे उलटे होऊन वर आले. चतुर दिसेनासे झाले, बगळे दुसरीकडे गेले. काकांच्या म्हशी तेलाने चमकत बाहेर आल्या. काका आमच्या दारात येऊन ओरडले, "आ भेंस छे भाई, लूम नथी!" सगळे हसले. बायको हसली नाही. भांडी नळावर घासायला लागली. नळावर रांग असायची, भांडणं असायची. तीही भांडायला लागली.

पावसाळ्यात तळं भरलं, वरून शेजारच्या खाडीत वाहिलं. तेल पातळ झालं, काठाच्या गवताला चिकटून राहिलं. मधलं पाणी मोकळं झालं अन् पहिलं काय परत आलं असेल? मच्छर. आधी होते त्याच्या कितीतरी पट. पाण्यात नुसते वळवळे. त्यांना खाणारा मासा नाही, चतुराची पिल्लं नाहीत, बेडूक नाही. मच्छर लवकर होतो, त्याला खाणारे उशिरा होतात. एवढंच होतं ते. मला हे कळायला बरीच वर्षं लागली. तेव्हा जॉबर म्हणाला, अजून तेल टाकू. बायको दारात उभी राहिली अन् म्हणाली, "भाऊ, पहिले तुमना घरना माठमा टाका." तो विषय तिथे संपला.

श्रावणात आमच्याकडे कानबाई बसते, आमची खानदेशची देवी. दुसऱ्या दिवशी तिला वाजतगाजत पाण्यावर नेतात. आदल्या आठवड्यात बायकोने पेटी भरली.

"कानबाईले मरेल पानीमा सोडू का? मी गावले जास."

"परत कधी?"

"येसू का नही, माले ठाऊक नही."

मी कामावर गेलो. पाळी चुकवता येत नव्हती. संध्याकाळी खोलीत आलो तर पेटी नव्हती. भाकर मी स्वतः केली, जाड झाली.

पोळ्यानंतर ती आली. नंदुरबारच्या पॅसेंजरने, मांडीवर दुधाचा पत्र्याचा डबा घेऊन. डब्यात गावाकडच्या तापीचं पाणी अन् मासे. वाटभर हाताने पाणी हलवत आली होती, मासे मरू नयेत म्हणून. गाडीतल्या बायकांनी विचारलं म्हणे, तळणार का रस्सा करणार? ही म्हणाली, "पाव्हना शेतस."

मासे तळ्यात सोडले. दोन-तीन दिवसांत सगळे मेले. ती काठावर बसून राहिली. जॉबरची बायको म्हणाली, "तुझे पाव्हणे जेवले नाहीत वाटतं." ही डबा उचलून घरात आली. रात्री मला एवढंच म्हणाली, पुढच्या कानबाईपर्यंत राहते. पाणी जितं झालं तर झालं. नाही तर पेटी उचलते.

ते वर्ष मी तळ्याकडे बघत काढलं. कामावर जाताना, येताना. आधी हिरवी घाण धरली. मग काठाचं काळं गवत कुजून नवं आलं. पाण्यावर धावणारे किडे आले. उन्हाळ्यात चतुर दिसला, एकच, लाल. मी तिला सांगितलं. ती हूं म्हणाली. मासे कुठेच नव्हते.

पुढच्या पावसाळ्यात खाडी उलटी चढली. शेतं, तळं, रस्ता, सगळं एक पाणी. आमच्या खोल्यांत गुडघाभर. सगळे वैतागले, ती ओली गोधडी पिळत बाहेर कान लावून होती. म्हणाली, "आयकं का? बेडूक उनात." खरंच बेडूक आले होते, डरावत होते.

पाणी उतरलं तेव्हा तळ्यात मासे होते. कुणी आणले नाहीत. खाडीतून आले. पहिल्यासारखे नव्हते, मिशीवाले होते, पायाशी यायचे नाहीत. मच्छर त्या वर्षीही होते, पण झोप लागण्याइतके. त्या श्रावणात तिने कानबाई तिथेच नेली. पेटी खाटेखाली गेली, ती परत निघाली नाही.

त्यानंतर ती जन्मभर सुरतेतच राहिली. मागच्या वर्षी गेली. लोक विचारतात, करमतं का? मला काही होत नाही. खातो, झोपतो. दाराशी तिने चिमण्यांसाठी ठेवलेली पाण्याची परळ कोरडी आहे. चिमण्या येत नाहीत. घरात मुंग्या झाल्या आहेत.

तो दुधाचा डबा अजून आहे. ती त्यात तांदूळ ठेवायची. काल झाकण काढलं तर तांदळाला सोंडे झालेत. ती असती तर उन्हात पसरले असते. मी झाकण परत लावलं.