आधी तिचं ताट

आमच्या राहनाळच्या शाळेत खिचडी शिजवायचं काम पहिल्यांदाच बायकांच्या बचत गटाला मिळालं, तेव्हापासून गटाच्या प्रमुख बाईला सगळे ठेकेदारीण म्हणायचे. नवा माणूस हमखास विचारायचा, "ठेकेदार कुठंय?" ती कमरेवर हात ठेवून म्हणायची, "मीच हाय ना!"

एवढा मोठा आवाज, पण चुलीवरून पातेलं उतरलं की ती गप्प व्हायची. चव घ्यायचं काम नियमानं माझं, शिक्षिकेचं. तरी माझ्याआधी ती स्वतः ताटभर खायची आणि काही त्रास होतोय का बघत उंबऱ्यात बसून राहायची; मगच पोरांना वाढायचं. समोरच्या टपरीवर आधीचा ठेकेदार चहा पीत असे. एका जरी पोराला उलटी झाली, तर "बायकांना हे झेपत नाही" म्हणायला तो टपूनच होता.

संकष्टीला तिचा कडक उपास. त्याही दिवशी तिनं ताट भरून घेतलं. मी म्हटलं, "अहो, आज राहू द्या. मी बघते ना चव."

"उपास माज्या एकटीचा हाय, बाई. ठेका समद्यांचा हाय."

खाऊन ती उंबऱ्यात बसली. थोड्या वेळानं तिचा हात पोटाकडे गेला. टपरीवरचा ठेकेदार उठून उभा राहिला. तिनं पदर कमरेला खोचला आणि आतल्या बायकांना हाक दिली, "वाढा गं!"

शाळा सुटली तेव्हा ती फाटकात उभी राहून घरी जाणाऱ्या एकेका पोराचं तोंड निरखत होती. तिच्या शेजारी मीही.