कणकेचा बल्गेरिया

२०२१च्या फेब्रुवारीत शाळा बंद होत्या आणि लेकीला घरी बल्गेरियाचा नकाशा करायचा होता. आयर्लंडमध्ये, किलकेनीतल्या आमच्या स्वयंपाकघरात माझी आई तिला शिकवत होती. आई नागपूरच्या शाळेत भूगोलच शिकवायची. वर्षभरापूर्वी तीन महिन्यांसाठी म्हणून आली आणि इथेच अडकली. बाबा तिकडे एकटे.

ताटात कणकेचा देश मांडला होता. करंजीला मुरड घालावी तशी आईने मधोमध बाल्कनची डोंगररांग उठवली. वर डॅन्यूब नदी, उजवीकडे काळा समुद्र. मग माणसं म्हणून मोहरी. सोफियापाशी चिमूटभर, समुद्रकाठी थोडी. वायव्येला आईने लेकीचा हात धरला.

"इथे फार नको टाकूस. पोरं गेली जर्मनीला, इंग्लंडला, इकडे. म्हातारेच उरलेत."

"सो हू माइंड्स देम, आजी?"

"कोण बघणार? पोरं फोन करतात की."

दोघी हसल्या. मी टेबलाच्या दुसऱ्या टोकाला मीटिंगमध्ये, माइक बंद करून. 

आईला अडकवलं होतं ते मी. आदल्या उन्हाळ्यात अडकलेल्यांना भारतात न्यायला सरकारची खास विमानं सुटत होती, नुसतं नाव द्यायचं होतं. बायको हॉस्पिटलात नर्स, मी दिवसभर लॅपटॉपला जुंपलेला. आई गेली तर लेकीकडे कोण पाहणार? "नंबर लागत नाहीये गं," असं मी सांगत राहिलो. नाव दिलंच नव्हतं. हे बायकोलाही आजवर सांगितलेलं नाही.

त्या दुपारी आई भांडी विसळत होती, तेव्हा तिला सांगून टाकलं. तिने नळ बंद केला.

"ह्यांना मी रोज सांगत होते, नंबर लागला की निघते. माझ्या तोंडून खोटं वदवलंस तू."

ओले हात तिने पदराला पुसले. "तिकीट काढ."

मिळालं ते एप्रिलचं. ती पोचली तेव्हा बाबांना हॉस्पिटलात हलवलं होतं आणि आत कुणालाच सोडत नव्हते. मी फोन केला, काय बोलावं सुचेना, म्हणून विचारलं, "जेवलीस का?"

"फाटकाशी उभी आहे," ती म्हणाली. "तू तुझं काम कर."

बाबा त्याच आठवड्यात गेले. दोघांची भेट झाली नाही.

आई आता नागपूरला एकटीच असते. फोन उचलते, लेकीची चौकशी करते. इकडे ये म्हणायला माझी जीभ रेटत नाही, आणि तिकडे जाऊन राहायची हिंमतही नाही.