अण्णांनी बुजवलेला ओव्हरफ्लो

"बाईच्या भाताच्या वाफेनं भिंत ओली झालीय, एवढं लिहून द्या," घरमालक अण्णा म्हणाले. "मग मी रूम खाली करून घेतो."

परभणीत मी वॉटरप्रूफिंगची कामं घेतो. अण्णांची शहरात भाड्यानं दिलेली घरं आहेत. ते त्यांना घरं म्हणत नाहीत, इन्व्हेस्टमेंट म्हणतात. या इन्व्हेस्टमेंटमध्ये खाली ते स्वतः राहतात, वर भाड्यानं राहणारी चुडावा गावची मीराबाई ब्लाउज शिवते. गिऱ्हाइकं सगळी त्याच गल्लीतली. रूम गेली की धंदाही गेला. आणि आता भिंतीच्या ओलीनं लोकांच्या कापडावर डाग पडायला लागले होते.

"मामा," मीराबाई अण्णांना म्हणाली, "माझ्या भाताची एवढी वाफ निघाली असती तर मी इडलीचं हॉटेल टाकलं नसतं का?"

अण्णा माझ्याकडं बघत राहिले. मी भिंतीकडं.

ती भिंत माझ्या ओळखीची होती. मागच्या उन्हाळ्यात मीच तिला आतून केमिकलचा कोट मारला होता. पाणी मागून येत असताना आतून कोट मारणं म्हणजे गळक्या छत्रीला आतून रंग देणं. हे मला तेव्हाही माहीत होतं. गच्चीला कुलूप होतं आणि मी किल्ली मागितली नाही. वर जाऊन खरं कारण सापडलं असतं तर कोटाचं काम हातचं गेलं असतं. पोपडे धरून निघालेला तो कोट आता माझ्याकडंच बघत होता.

या वेळी मी ओल्या भागावर प्लॅस्टिकचा तुकडा चिकटपट्टीनं चारी बाजूंनी बंद केला. साधी टेस्ट आहे. थेंब प्लॅस्टिकच्या बाहेरून जमले तर दमटपणा खोलीतला. आतून, म्हणजे भिंतीच्या बाजूनं जमले, तर पाणी भिंतीतून येतंय. दुसऱ्या दिवशी थेंब आतून होते.

"बाईनंच पाणी मारलं असंल," अण्णा म्हणाले.

"चिकटपट्टीच्या आत?"

"बायका काय बी करतेत."

मी गच्चीची किल्ली मागितली. ती सापडायला बराच वेळ लागला. अण्णांच्याच खिशात होती.

वर तळं होतं. टाकीचा ओव्हरफ्लो, म्हणजे टाकी भरल्यावर जादा पाणी बाहेर गल्लीत सोडणारा पाइप, सिमेंटनं बुजवलेला. गच्चीचं पाणी जायच्या भोकात गोणपाट कोंबलेलं. पाणी कठड्याच्या बुडाशी साचून निवांत मीराबाईच्या भिंतीत उतरत होतं.

"हे कुणी केलं?" सोबत वर आलेल्या अण्णांना मी विचारलं.

"मीच. नळाला पाणी आठवड्यानं येतंय. पाइपातून धार पडली की अख्खी गल्ली वरडायची, अण्णा, टाकी भरली, मोटार बंद करा. लोकांचे डोळे लय वाईट, साहेब. आपल्या घरात किती पाणी हाय, कुणाला कशाला कळू द्यायचं?"

"मग आता टाकी भरली हे तुम्हाला कसं कळतं?"

"अंदाजानं."

"अंदाज कुठं बसून घेता?"

"टीव्हीपुढं."

मागं जिन्यात मीराबाई उभी होती. "मामा, तुमचा अंदाज माझ्या शिलाई मशीनवर पडायलाय," ती म्हणाली.

मी लिहून दिलं, पण अण्णांनी सांगितलेलं नाही; पाणी गच्चीवरून येतंय, एवढंच. पाइपातलं सिमेंट फोडून तो मोकळा केला, गोणपाट काढलं, कठड्याच्या बुडाची भेग भरली. पुढच्या पाण्याच्या दिवशी मी मुद्दाम गल्लीत थांबलो. धार पडली. समोरच्या ओट्यावरून आवाज आला, "अण्णा, टाकी भरली." मोटार बंद झाली. अण्णांकडं फुकटातली अलार्म सिस्टिम होती, ती त्यांनी सिमेंट लावून बंद केली होती.

भिंत वाळायला वेळ लागला. वाळल्यावर मी तिला पदरचा रंग लावून दिला, केमिकलचं नाव न काढता. मीराबाईचं मशीन पुन्हा त्याच भिंतीला लागलं आहे. अण्णा मला आता बोलवत नाहीत. त्यांच्या दुसऱ्या इन्व्हेस्टमेंटमध्येही ओल आहे असं ऐकतो, तिथं कोट मारणारा दुसरा कुणी मिळाला आहे.

ओलीचं काम आलं की मी हल्ली भिंत नंतर बघतो. आधी विचारतो, गच्चीची किल्ली कुणाकडं आहे.