मोठच्या पंपावरची बाटली

पंपाबाहेर पेट्रोलमधल्या इथेनॉलविरुद्धची पत्रकं वाटताना पेट्रोलचा वास आला, की झाशीजवळच्या मोठ गावचा तो पंप आठवतो.

बाबांच्या जुन्या, दोन सीटच्या स्पोर्ट्स कारचे रबरी पाइप इथेनॉलनं सडायचे, म्हणून आम्ही झाशीहून इथेनॉल न मिसळलेलं पेट्रोल शोधत निघालो होतो. बाबा काचेच्या बाटलीत पाणी आणि पेट्रोल हलवून बघत. इथेनॉल पाण्यात उतरतं; पाण्याची रेघ वर चढली, की ते आहेच. वाटेत चिरगावच्या पंपावर चढली. मोठलाही चढली, आणि तोवर टाकी रिकामी झालेली.

"चाचाजी, गाड़ी चलानी है कि दवाई बनानी है?" पंपवाला हसला.

"भर दो, भैया," बाबा म्हणाले.

"बाबा, भांडा ना!" मी ओरडले.

ते बाटली पुसत राहिले. मला ते तेव्हा भित्रे वाटले. आता पत्रकं मीच लिहिते. पण पंपवाला तर वरून आलेलंच पेट्रोल विकत होता; तिथं भांडायचं नेमकं कोणाशी होतं, ते अजून लिहिता आलेलं नाही.